घोरणारा बाप, वाहणारा कान आणि कॉम्प्युटरची नवी नजर



गेल्या पावसाळ्यात शिरूरच्या एका वस्तीत विहाराच्या ओसरीवर आमची आरोग्य बैठक होती. बीपी मोजून झालं, साखर तपासून झाली. सगळ्यात शेवटी एक ताई पोराला पुढे ढकलत म्हणाल्या, "सिस्टर, हा दुसरीला आहे, पण डोक्यात काहीच शिरत नाही. शाळेत ढ म्हणून मागं बसवलाय."

पोरगा तोंड उघडं ठेवून उभा होता. मी त्याच्या पाठीमागे गेले आणि हळू आवाजात त्याचं नाव घेतलं. तो वळला नाही. जरा मोठ्याने घेतलं, तेव्हा वळला. मी विचारलं, "ताई, हा रात्री घोरतो का? कान फुटतो का?"

"कान तर दर पावसाळ्यात वाहतो. आणि घोरतो म्हणाल तर लई घोरतो. बापावर गेलाय."

बाप रांजणगाव एमआयडीसीतून माल भरून रात्रीच्या खेपा करणारा टेम्पोचालक. तो जरा लांब बसला होता. मी त्यालाही विचारलं. त्याने हसण्यावारी नेलं. पण ताई म्हणाल्या, "मधेच श्वास थांबतो त्यांचा. मी जागी होऊन हलवते. सिग्नलला गाडी उभी राहिली की डुलकी लागते, असं क्लीनर सांगतो."

एका घरात दोन आजार होते आणि दोन्हींना घरच्यांनी नावं ठेवली होती: पोरगा ढ, बाप झोपाळू. आजचा लेख अशा घरांसाठी आहे. कान आणि झोप यांच्या तपासणीत आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आलं आहे. ते काय करतं, काय करू शकत नाही आणि आपल्या वस्तीला त्याचा उपयोग कसा होईल, ते समजून घेऊ.

कान आणि झोप एकाच डॉक्टरकडे का?

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला लहान मुलांना एक मऊ गाठ असते. तिला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. वारंवार सर्दी झाली की ती सुजते. सुजली की नाकाची वाट बंद होते, मूल तोंडाने श्वास घेतं आणि झोपेत घोरतं. त्याच ठिकाणी कानातून घशाकडे येणाऱ्या नळीचं तोंड असतं. तेही दाबलं जातं. मग पडद्यामागे पाणी साचतं आणि मुलाला बोटं कानात घातल्यासारखं अंधुक ऐकू येतं. दुखत नाही म्हणून घरात कळत नाही. कधी जंतू वाढतात, पडदा फाटतो आणि कान वाहू लागतो.

म्हणून घोरणारं, तोंड उघडं ठेवणारं, दोनदा हाक मारल्यावर बघणारं मूल दिसलं, तर त्याला ढ म्हणण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्यायचं. त्या पोराचं तेच निघालं. आधी औषधं देऊन तीन महिने वाट पाहिली, मग पुण्याच्या सरकारी रुग्णालयात गाठ काढली आणि कानात बारीक नळी बसवली.

झोपेत श्वास अडकतो म्हणजे काय?

मोठ्या माणसाचं घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा जुना समज. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो की दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवाच आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घसरतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, माणूस मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

श्वास थांबणं किंवा खूप मंदावणं तासाला ५ पेक्षा कमी वेळा झालं तर चालतं. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे गंभीर. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणीतरी गळा दाबून सोडल्यासारखं. अशा माणसाने आठ तास झोप काढली तरी तो थकलेलाच उठतो. बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो, आणि गाडी चालवताना डोळा लागतो.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. माझे वडील फार घोरायचे. तीन-तीन गोळ्या घेऊनही त्यांचं बीपी आटोक्यात येत नव्हतं. मी नर्सिंगची पदविका घेतलेली मुलगी, रोज बीपी मोजायचे, पण रात्री श्वास अडकतो का, हे एकदाही विचारलं नाही. आम्ही भावंडं त्यांच्या घोरण्याची नक्कल करून हसायचो. आता मी प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारते.

घरीच पाहायचे आठ मुद्दे असे: मोठ्याने घोरणं, दिवसा सतत थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलेला असणं, बीपी, उंचीच्या मानाने खूप जास्त वजन, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. यातले तीन किंवा जास्त लागू असतील तर डॉक्टरांना दाखवा. पण बायांनो, पुरुषांचं नाव यादीत आहे म्हणून आपण सुटलो असं नाही. पाळी गेल्यानंतर हा धोका आपल्यालाही वाढतो. आपण घोरतो हे लाजेने लपवतो आणि थकव्याला "कामाचा शीण" म्हणतो. शिवाय आपल्याकडे फारसं वजन नसलेल्या माणसालाही हा आजार होतो, कारण जबड्याची आणि घशाची ठेवण लहान असते.

यात कॉम्प्युटर काय करतो?

स्लीप स्टडी नावाच्या तपासणीत रात्रभर मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास, छातीची हालचाल, हृदयाचे ठोके आणि प्राणवायू नोंदवतात. मग ही सगळी नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचायची असते. आठ तासांचे ९६० तुकडे. प्रशिक्षित माणसाला त्याला तास-दोन तास लागतात, आणि अशी माणसं मोठ्या शहरातच मिळतात.

एआय इथे कामाला येतं. नवीन नर्स कशी शिकते ते आठवा. पहिल्या दिवशी तिला सगळे कान सारखेच दिसतात. शंभर कान पाहिल्यावर ती वाहता कान लांबून ओळखते. कॉम्प्युटरलाही तसंच शिकवतात. तज्ज्ञांनी आधी वाचून ठेवलेल्या हजारो रात्रींच्या नोंदी त्याला दाखवतात आणि तो त्यातली खूण उचलतो. नंतर नवीन नोंद दिली की काही मिनिटांत सांगतो, कुठे झोप होती, कुठे श्वास अडकला. त्यावर शेवटची नजर आणि सही मात्र डॉक्टरचीच हवी.

याचा दुसरा फायदा असा की, बोटाला आणि छातीला लावायचं छोटं यंत्र घरी नेऊन, आपल्याच अंथरुणात झोपून तपासणी करता येते. दौंडहून पुण्याला जाऊन एक रात्र दवाखान्यात काढणं म्हणजे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि लेकरं कोणाकडे ठेवायची हा प्रश्न. घरची तपासणी हा खर्च कमी करते. अमेरिकेत २०२४ साली दोन मोठ्या कंपन्यांच्या मनगटी घड्याळांनाही या आजाराची शंका दाखवण्यासाठी सरकारी मान्यता मिळाली. पण घड्याळ फक्त शंका दाखवतं, निदान करत नाही.

कानासाठी नवीन काय?

कानात पाहायच्या दुर्बिणीला आता मोबाइल जोडता येतो. पडद्याचा फोटो निघतो आणि एआय सांगतं की हा पडदा ठीक दिसतो, याला भोक दिसतं, यामागे पाणी असावं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली त्याहून साधी गोष्ट दाखवली. कागदाचा शंकू करून मोबाइलला लावायचा, मोबाइलने चिवचिवाटासारखा आवाज कानात सोडायचा आणि परत येणारा आवाज ऐकायचा. पडद्यामागे पाणी असेल तर आवाज वेगळा परततो. भरलेला माठ आणि रिकामा माठ वाजवून आपण ओळखतो, तसंच हे.

आपल्या देशातही असं काम झालं आहे. जुलै २०१७ मध्ये 'सोहम' नावाचं, नवजात बाळाचं ऐकणं तपासणारं स्वस्त देशी यंत्र केंद्र सरकारने लोकांपुढे आणलं. बाळाच्या डोक्याला तीन तारा लावतात, आवाज देतात आणि मेंदूने तो आवाज घेतला का हे पाहतात. बाळ झोपलेलं असलं तरी चालतं.

बाळाची ही तपासणी का हवी? कारण मूल ऐकल्याशिवाय बोलायला शिकत नाही. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचाराला सुरुवात. "मामाही उशिराच बोलला होता" असं म्हणून तीन वर्षं घालवली, तर ती परत मिळत नाहीत.

उपचार: हाताशी काय, लांब काय

श्वास अडकण्यावरचं मुख्य यंत्र म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ साली ते जगापुढे मांडलं. नाकावर मास्क लावतात आणि हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा राहतो. ते ऑक्सिजनचं मशीन नाही आणि त्याची सवयही लागत नाही. आता ही यंत्रं किती तास वापरली, मास्कमधून हवा गळते का, हेही नोंदवतात. अडचण किमतीची आहे. हा खर्च काही दहा हजारांत जातो.

अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबत हा आजार असणाऱ्यांसाठी टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला मान्यता मिळाली. भारतात ते २०२५ पासून मधुमेह आणि वजनासाठी मिळतं. ते महाग आहे. कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून टोचून घेऊ नका.

बिनपैशाचे उपायही आहेत: कुशीवर झोपणं, वजन उतरवणं, रात्रीची दारू बंद करणं. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात. झोप येत नाही म्हणून घेतलेली गोळी घोरणाऱ्या माणसाला धोक्याची ठरू शकते. झोपच न येण्याचा आजार वेगळा. त्यावर गोळीआधी झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याचे समुपदेशन करतात, आणि त्याचा गुण टिकतो.

कानाच्या मशीनमध्येही एआय आलं आहे. जुनं मशीन माणसाचं बोलणं, पंखा आणि भांड्यांचा आवाज सगळंच सारखं वाढवतं. नवीन मशीन बोलणं वेगळं काढून पुढे करायला शिकलेलं असतं. पण त्यातली भारी जोडी लाखाच्या पुढे जाते. दौंडमधल्या एका मावशींनी उसनवारी करून एका दुकानातून मशीन घेतलं. दुकानदाराने ऐकण्याची तपासणीच केली नव्हती. आवाज टोचायचा म्हणून मशीन डबीत पडून राहिलं. तपासणीचा आलेख काढून, त्याप्रमाणे बसवलेलं साधं डिजिटल मशीन हे तपासणीशिवाय घेतलेल्या महाग मशीनपेक्षा कधीही चांगलं.

जन्मतः अजिबात न ऐकणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आहे. ती पाच वर्षांच्या आत, आणि जेवढी लवकर तेवढी चांगली. एक मोठी बातमी जानेवारी २०२४ ची. चीनमध्ये शांघायच्या डॉक्टरांनी एका विशिष्ट जनुकाच्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या ६ मुलांच्या कानात चांगलं जनुक सोडलं आणि त्यातल्या ५ मुलांना ऐकू येऊ लागलं. बहिरेपणाच्या अनेक कारणांपैकी हे एकच कारण आहे. म्हणून त्याची वाट पाहत लेकराचे आजचे उपचार थांबवू नका.

मशीन कोणाला पाहून शिकलं?

हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. ज्यांच्या नोंदी मशीनला दाखवल्या, त्यांनाच ते नीट ओळखतं. बाकीच्यांच्या बाबतीत चुकतं.

कोरोनात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवतो ना? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की, प्राणवायू खरोखर कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा घडलं. गडद कातडीत यंत्राचा प्रकाश फसतो. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण यंत्र बनवताना गडद कातडीची माणसं पुरेशी समोर नव्हती. घरच्या झोपेच्या तपासणीतही हाच ऑक्सिमीटर असतो. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांची कातडी कशी असते ते मी सांगायला नको.

म्हणून घरच्या तपासणीचा रिपोर्ट "नॉर्मल" आला, पण घोरणं, श्वास अडकणं आणि दिवसाची डुलकी चालूच असेल, तर गप्प बसू नका. "डॉक्टर, पूर्ण स्लीप स्टडी करायची का?" असं विचारा. वस्तीत कोणी फुकट तपासणीचं अ‍ॅप घेऊन आलं, तर आमच्या मुलांचे फोटो आणि नोंदी कुठे जाणार, कोण वापरणार, हे विचारा आणि मगच सही करा. मोबाइलला प्रश्न विचारून कानात थेंब तर अजिबात घालू नका. पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानाला इजा करतात.

आपलाच आवाज, आपलेच कान

एक कडू गोष्ट. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. पुण्याच्या गणपती मिरवणुकीत आवाजाची सरासरी १०० च्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजे काही वेगळा नसतो. भिंतीजवळ नाचणारी आपली पोरं असतात, बँजो पार्टीत आणि ढोल-हलगीवर पोट भरणारी आपली पोरं असतात, आणि खांद्यावर बसवलेली तान्ही लेकरंही असतात. आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. कोणतंही एआय त्या परत आणू शकत नाही. बाबासाहेबांची जयंती जोरात करू, पण डीजेच्या पैशातला काही भाग वस्तीच्या कान तपासणीला ठेवू. वाजवणाऱ्या पोरांना दहा-वीस रुपयांचे कानातले बोळे देऊ.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत काम करणाऱ्या दादांनो, आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे. कानाचं संरक्षण आणि ऐकण्याची तपासणी मागणं हा तुमचा हक्क आहे. ईएसआयचं कार्ड असेल तर त्यांच्या दवाखान्यात दाखवा.

आजपासून काय करायचं?

वाहत्या कानात गरम तेल, लसणाचं तेल, दूध, पिन, काडी काहीही घालू नका. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवा. स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपा. बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका. घरात बिडी आणि चुलीचा धूर कमी करा.

कानामागे सूज, ताप, चक्कर, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, तरी थांबू नका. पहिल्या तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे वाहते कान आणि जन्मजात बहिरेपण दोन्ही येतात. पथक कधी येणार, हे आशाताईंना विचारून ठेवा. शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयात आधी दाखवा आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा. पुण्यात ससूनला कान-नाक-घसा विभाग आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार दाखवून, महात्मा जोतिराव फुले योजनेत काय बसतं ते विचारा.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या घरांना कानाचं मशीन मिळतं, लहान मुलांच्या इम्प्लांटलाही मदत होते. ऐकणं फार कमी असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी १ टक्का जागा राखीव आहेत.

त्या टेम्पोवाल्या दादांचं काय झालं? तपासणीत त्यांचा आकडा गंभीर निघाला. पहिल्यांदा त्यांनी रिपोर्ट लपवला. मालकाला कळलं तर गाडी काढून घेईल, ही भीती. ती भीती खोटी नव्हती. आम्ही दोघं-तिघं त्यांच्यासोबत मालकाकडे गेलो. उपचार होईपर्यंत दिवसाच्या जवळच्या खेपा द्यायचं ठरलं. सीपॅप हप्त्याने घेतलं, हप्ते अजून चालू आहेत. मास्क लावून झोपलेल्या बापाला पाहून पोरगा आधी घाबरायचा. आता तोच रात्री मशीनचं बटण दाबतो.

पोरगा पुढच्या बाकावर बसतो. मास्तरांचं बोलणं त्याला ऐकू येतं. परवा तो मला म्हणाला, "बाई, पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज होतो?"

तुमच्या घरात, शेजारी असं लेकरू, असा बाप, अशी माय असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. तोवर आज रात्री शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास पाच मिनिटं ऐका.

जयभीम.